सव्वा मिलिमीटरची वाट

चेलाडी फाट्यावर साताऱ्याचा रस्ता सोडून पश्चिमेला वळले की नसरापूर, आंबवणे, मार्गासनी, विंझर अशी गावे एकामागून एक मागे पडतात. डाव्या हाताला राजगड उभा राहतो, पुढे तोरणा. वेल्हे तालुक्याचे नाव सरकारदरबारी आता राजगड तालुका झाले असले तरी एसटीच्या थांब्यावर आणि लोकांच्या तोंडी अजून वेल्हेच आहे. या मुलखात येणाऱ्याची नजर आपसूक वर जाते. तोरण्याची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १४०० मीटर, राजगड त्याच्यापेक्षा थोडासाच बुटका. आमचा गट मात्र येथे मॅक्रो फोटोग्राफी शिकायला आला होता आणि आमचा मुक्काम होता तोरण्याच्या पश्चिमेला, केळदच्या वाटेवरच्या पासली गावात.

दिवस भाद्रपदाचे होते. गौरी-गणपती नुकतेच झाले होते, पावसाचा जोर ओसरला होता आणि ऊन-सावलीचा खेळ सुरू होता. सह्याद्रीत छोट्या जिवांचा आणि छोट्या फुलांचा हाच खरा हंगाम. प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले एक सर आम्हाला शिकवायला सोबत होते. त्यांनी पहिला थांबा घेतला नसरापूरजवळच्या बनेश्वरला. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७४९ साली बांधलेले हे शिवमंदिर आणि त्याभोवतीचे दाट बन पुणेकरांना सहलीचे ठिकाण म्हणून माहीत आहे. सरांना तेथे हवी होती ती झाडांखालची शांत, ओली सावली. त्यांनी प्रत्येकाच्या हातात एक रुपयाचे नाणे दिले आणि त्याचा फोटो काढायला सांगितला.

मॅक्रोची व्याख्या या नाण्यावरून लगेच उमगते. पूर्ण आकाराच्या सेन्सरची चौकट ३६ मिलिमीटर रुंद आणि २४ मिलिमीटर उंच असते. वस्तूची सेन्सरवर पडणारी प्रतिमा वस्तूएवढीच असेल तर ते एकास एक प्रमाण. या प्रमाणात रुपयाचे नाणे चौकटीची उंची जवळजवळ भरून टाकते. कंपन्या अनेक लेन्सवर ‘मॅक्रो’ असे छापतात, पण प्रतिमा वस्तूच्या पाव आकाराची पडत असेल तर तो जवळून काढलेला फोटो म्हणावा, मॅक्रो नव्हे. ३५ मिलिमीटर कॅमेऱ्यासाठी मुद्दाम बनवलेली पहिली मॅक्रो लेन्स १९५५ साली जर्मनीतल्या किलफिट कंपनीने आणली. त्याआधी आणि त्यानंतरही हौशी लोकांनी साध्या लेन्सवर हेच काम केले आहे. ५० मिलिमीटरची जुनी लेन्स रिव्हर्स रिंग लावून उलटी बसवली की प्रमाण एकास एकच्या आसपास पोहोचते. तीच लेन्स सुलटी ठेवून मागे ५० मिलिमीटर लांबीच्या एक्स्टेंशन ट्यूब घातल्या तरी तेवढेच प्रमाण मिळते. आमच्यातल्या दोघांकडे अशीच जुळणी होती, आणि पुढे पासलीत त्यांचे फोटो महागड्या लेन्सच्या फोटोंपुढे कुठेही उणे पडले नाहीत. हा छंद पैसेवाल्यांचा आहे, हा समज मला तरी येथेच सोडून द्यावासा वाटला.

नाणे सपाट ठेवून काढले तेव्हा सगळे स्वच्छ आले. तेच नाणे जरा तिरपे धरले आणि आकड्याची फक्त एक रेघ स्पष्ट उरली, बाकी सारे धुक्यात गेले. एकास एक प्रमाणात, अ‍ॅपर्चर एफ ११ ठेवले तरी फोकसमध्ये येणारी जाडी सव्वा ते दीड मिलिमीटरच्या पुढे जात नाही. अ‍ॅपर्चर आणखी बारीक केले तर जाडी थोडी वाढते, पण प्रकाशाच्या विवर्तनामुळे सगळा फोटोच मऊ पडतो. मग उपाय एकच. त्या सव्वा मिलिमीटरमध्ये काय ठेवायचे ते आधी ठरवायचे आणि कॅमेरा त्याला समांतर धरायचा. फुलपाखराचे मिटलेले पंख हवेत की त्याचे डोळे? टाचणी या कीटकाचे सबंध अंग हवे की नुसता चेहरा? या निवडीसाठी जीव ओळखीचा असावा लागतो. सरांचे सगळे शिकवणे या एका गोष्टीभोवती फिरत होते: कॅमेरा बाजूला ठेवा, आधी पाहा, आणि तो प्राणी पुढे काय करणार ते सांगता आले की मगच उचला.

मार्गासनीच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही अंगांना भातखाचरे लागतात. भात निसवले होते. या भागात इंद्रायणी पुष्कळ लावतात. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने १९८७ मध्ये प्रसारित केलेला हा सुवासिक वाण पुणे जिल्ह्याच्या मावळपट्ट्यात घरोघरी रुजला. बांधावर नाचणी, उताराच्या जमिनीत वरई. जून महिन्यात पाला-पाचोळा आणि शेणी जाळून भाजलेल्या राबात रोपे टाकायची, आषाढात चिखलणी करून आवणी उरकायची, हा येथला क्रम. आवणीला मजूर मिळणे आता अवघड झाले आहे, कारण घरटी एखादा तरी माणूस मुंबई-पुण्याला कामाला आहे. म्हणून काही वाड्यांत इर्जिकीची जुनी रीत अजून टिकून आहे. आज तुमच्या खाचरात सगळे, उद्या आमच्या.

सूर्य डोंगराच्या धारेवर यायच्या आत या खाचरांत उतरायचे, हा नियम. बहुतेक कीटकांच्या शरीरात स्वतःची ऊब नसते. रात्रभर थंडावलेला चतुर उन्हाने तापल्याशिवाय उडू शकत नाही आणि त्या अर्ध्या-पाऊण तासात तो भाताच्या पातीवर दवाने माखून स्थिर बसलेला असतो. टाचणी आणि चतुर यांतला फरकही या वेळी निवांत पाहता येतो. टाचणीचे डोळे डोक्याच्या दोन टोकांना, एकमेकांपासून दूर असतात आणि बसताना ती बहुतेकदा पंख मिटते. चतुराचे डोळे बहुधा माथ्यावर एकमेकांना टेकतात आणि पंख पसरलेलेच राहतात. मोठ्या चतुरांच्या काही जातींत एकेका डोळ्यात तीस हजारांपर्यंत नेत्रिका असतात. एरवी हा आकडा पुस्तकात वाचून विसरलो असतो. लेन्समधून त्या षटकोनांची जाळी दिसली, तिच्यावर दवाचा एक थेंब बसलेला आणि थेंबात अख्खे खाचर उलटे, तेव्हा तो आकडा पहिल्यांदा खरा वाटला.

मला सर्वांत चकित केले ते भातातल्या कोळ्यांनी. एका चुडात चार-पाच तऱ्हेचे कोळी सहज दिसत होते. लांब पाय पातीच्या रेषेत ताणून पातीशी एकरूप झालेले, पाण्यावरून पळणारे, बुंध्याशी दबा धरून बसलेले. भाताचा रस शोषणारे तुडतुडे हे त्यांचे मुख्य खाद्य. भारतातल्या आणि आग्नेय आशियातल्या भातशेतीत हे वारंवार पाहिले गेले आहे की सरसकट कीटकनाशक मारले की कोळी आधी मरतात आणि तुडतुडे दुपटीने उसळतात. बांधावर उभे राहून आमची धडपड पाहणाऱ्या एका शेतकरीदादांना कॅमेऱ्याच्या पडद्यावर तुडतुडा धरलेला कोळी दाखवला. ते म्हणाले, “ह्यो खातो व्हय त्याला? मग कशाला मारायचा!” एका फोटोने एवढे साधले तरी खूप झाले असे मला वाटते.

वेल्हे गाव तोरण्याच्या ऐन पायथ्याशी. शिवाजी महाराजांनी स्वराज्याच्या प्रारंभी घेतलेला हा किल्ला. त्यावर सापडलेले धन राजगडाच्या बांधणीला लागले, ही हकिकत येथल्या लहान मुलालाही पाठ असते. हा सगळा प्रदेश कानद मावळाचा, मरळ देशमुखांच्या वतनाचा. शेजारी गुंजण मावळ, पलीकडे भोरच्या बाजूला हिरडस मावळ आणि रोहिड खोरे. मावळ म्हणजे एकेका नदीचे खोरे, आणि येथली नदी कानंदी. तिच्या खोऱ्यातून वेल्ह्यापासून पश्चिमेला चढत गेले की दर मैलाला पाऊस वाढत जातो. पुणे शहरात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पडणारा पाऊस घाटमाथ्यावर त्याच्या कित्येक पट होतो. झाडोराही त्याप्रमाणे बदलतो. बाभूळ-बोरी मागे राहतात, मग जांभूळ, आंबा, अंजनी आणि उतारांवर कारवीची दाटी.

पासली या बदलाच्या मधोमध आहे. चारही बाजूंना डोंगर, मध्ये खाचरांच्या पायऱ्या, पूर्वेला तोरण्याच्या बुधला माचीचे टोक. जुन्या घरांत कुडाच्या भिंती अजून दिसतात. कारवीच्या काठ्या उभ्या बांधून त्यावर शेण-मातीचा गिलावा द्यायचा की झाला कुड. कारवी ही या मुलखाची इमारती लाकडाची गरज भागवणारी वनस्पती, आणि तिचे आयुष्यही विलक्षण. सात-आठ वर्षे नुसती वाढते, मग सबंध डोंगर एकदम जांभळा करून फुलते, बी धरते आणि वाळून जाते. प्रत्येक डोंगराचे वर्ष वेगळे असू शकते. त्या फुलोऱ्यावर आग्या मोहोळाच्या माश्या तुटून पडतात. पुढचा बहर कोणत्या वर्षी, हे ज्याच्या त्याच्या डोंगरापुरते गावातल्या वयस्कर माणसांना बरोबर सांगता येते. फोटोग्राफरला याहून मोलाची माहिती कोणते यंत्र देणार?

आम्ही उतरलो त्या घराच्या परसात कागदी लिंबाचे झाड होते. त्याच्या कोवळ्या पानावर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखा पांढरा-तपकिरी ठिपका होता. सरांनी सगळ्यांना तेथे थांबवले. तो ठिपका हळूच सरकला. फुलपाखराची अळी! लिंबू कुळातल्या झाडांवर वाढणाऱ्या पुच्छ फुलपाखरांच्या अळ्या लहानपणी असे सोंग घेतात, म्हणजे पक्षी त्यांच्याकडे ढुंकून पाहत नाहीत. मोठ्या झाल्या की त्या हिरव्यागार होतात आणि छेडले तर डोक्यामागून दुशिंगी, उग्र वासाचा अवयव बाहेर काढतात. महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेले ब्लू मॉर्मन, म्हणजे राणी पाकोळी, याच कुळातल्या झाडांवर अंडी घालते. आमच्या यजमान मावशी म्हणाल्या, “आम्ही तर वेचून फेकून देतो त्या. पाला खाऊन झाड बोडकं करतात.” सरांनी त्यांना काही शिकवायला घेतले नाही. एका फांदीवरच्या अळ्या राहू द्याल का, एवढेच विचारले, आणि मावशींनी त्या फांदीला ओळख म्हणून चिंधी बांधली.

दुपारी बांधावरच्या तेरड्यात बसून उडी मारणाऱ्या कोळ्यांचा अभ्यास झाला. गौरी म्हणून घरोघर पूजला जाणारा तेरडा येथे बांधोबांध गुलाबी फुलला होता. हे कोळी जाळे विणून भक्ष्याची वाट पाहत नाहीत. नजरेच्या बळावर शिकार करतात. आठ डोळ्यांपैकी समोरचे दोन मोठे असतात. त्यांचे भिंग हलत नाही, पण आतली दृष्टिपटलाची नळी स्नायूंनी हलवता येते. त्यामुळे कोळी सरळ तुमच्याकडे पाहत असेल तर डोळा काळाभोर दिसतो आणि नजर वळली की त्याच डोळ्यात तपकिरी-हिरवट झाक येते. मी एका पानाशी पालथा पडून हे पाहत राहिलो. चार मिलिमीटरचा तो प्राणी लेन्सच्या काचेत स्वतःची प्रतिमा पाहून पुढचे पाय उंचावत होता. त्याच्या डोळ्यांचा रंग बदलताना पाहिला तेव्हा तो मला पाहतो आहे याची खात्री पटली. त्या दुपारी मी दुसरा एकही विषय शोधला नाही.

येथेच फ्लॅशचा धडा झाला. एकास एक प्रमाणात सेन्सरवर पोहोचणारा प्रकाश चौथाईवर येतो, त्यात अ‍ॅपर्चर बारीक. म्हणजे ढगाळ दिवशी हातात कॅमेरा धरून काम भागत नाही. कमी ताकदीवर ठेवलेल्या फ्लॅशचा झोत दहा हजारांश सेकंदाच्या आसपास संपतो आणि हाताचा थरकाप किंवा वाऱ्याची झुळूक त्यात गोठून जाते. पण उघडा फ्लॅश चकचकीत कवचावर पांढरा जळका डाग पाडतो. त्याच्यापुढे पांढऱ्या फोमचा किंवा दुधी प्लॅस्टिकचा रुंद पडदा, म्हणजे डिफ्यूजर, धरला की प्रकाश पसरतो. बाजारात तो मिळतो, तरी बहुतेक मुरलेले मॅक्रोवाले तो घरीच कापून चिकटवून तयार करतात आणि आपापल्या जुळणीवर आईच्या मायेने जीव लावतात.

संध्याकाळी कंदिलापाशी गप्पांत दादासाहेब फाळके निघाले. चित्रपटासाठी भांडवल उभे करायचे होते तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा लावला आणि त्याच्या वाढीच्या चौकटी रोज टिपत गेले. ‘अंकुराची वाढ’ हा मिनिटभराचा चित्रपट १९१२ सालचा, म्हणजे ‘राजा हरिश्चंद्र’च्याही आधीचा. मराठी माणसाच्या निसर्गचित्रणाची सुरुवात एका कोंबापासून झाली, याचा मला मनापासून आनंद वाटतो. अलीकडच्या काळात पुण्याच्या श्रीकांत इंगळहळीकरांनी हे काम चिकाटीने पुढे नेले. व्यवसायाने अभियंता असलेल्या या गृहस्थांनी डोंगर पालथे घालून रानफुलांचे फोटो जमवले आणि २००१ मध्ये त्यांचे ‘फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री’ आले. आमच्या पिशवीतली त्याची प्रत पावसाने फुगली होती, तरी सगळ्यांत जास्त तीच उघडली गेली.

पासलीहून वर खिंड ओलांडली की केळद आणि त्यापुढे कोकणात उतरणारा मढे घाट. सिंहगडावर १६७० मध्ये तानाजी मालुसरे पडले तेव्हा त्यांचा देह याच वाटेने उमरठला नेला, असे येथले लोक सांगतात. घाटाच्या तोंडाशी धबधबा आहे आणि पावसाळी सुट्टीच्या दिवशी तेथे मोटारींची रांग लागते. लोक कड्यापर्यंत जातात, फोटो काढतात, परततात. जाता-येता ते ज्या कातळावरून चालतात, त्यावर आम्ही पालथे पडलो होतो.

साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा हा कातळ. त्यावर बोटभर माती, तीही पावसाने धुऊन निकस झालेली. नत्राची ही उणीव काही वनस्पती कीटक खाऊन भरून काढतात. सीतेची आसवे ही जांभळी चिमुकली फुले काठाकाठाने हजारोंनी डुलत होती. त्यांची मुळे म्हणून जे दिसते त्यात टाचणीच्या डोक्याएवढ्या पिशव्या असतात. सूक्ष्म जीव पिशवीच्या दाराशी आला की एक सहस्रांश सेकंदाच्याही आत ती त्याला पाण्यासकट आत ओढते. हे सगळे मातीत चालते, कॅमेऱ्याला वरचे फूलच मिळते. दवबिंदू ही वनस्पती मात्र सगळे उघड्यावर करते. पानावरच्या लाल केसांच्या टोकाला चिकट थेंब, त्याला अडकलेला डास आणि त्याच्याभोवती सावकाश वळणारे केस. डार्विनने १८७५ मध्ये कीटकभक्षी वनस्पतींवर आख्खे पुस्तक लिहिले, त्यात सर्वांत जास्त पाने या कुळाला दिली आहेत. फोटो काढणाऱ्याची परीक्षाही हेच झाड घेते. प्रत्येक थेंबात फ्लॅशचे प्रतिबिंब पडते, त्यामुळे डिफ्यूजर कसा बनवला आहे ते शंभर थेंबांत शंभरदा दिसते.

या कातळावर सरांचा स्वर पहिल्यांदा कडक झाला. गुडघा टेकण्याआधी खाली काय आहे ते पाहा, चौकटीत आडवे येणारे पान तोडू नका, हवे तर बाजूला धरा. काही जण कीटक फ्रीजमध्ये गारठवून आणतात आणि फुलावर ठेवून फोटो काढतात. अशा फोटोतले पाय आणि मिशा अनैसर्गिक आखडलेल्या असतात, जाणकाराला ते कळते. मला याहून मोठी चिंता वाटते ती फेब्रुवारी-मार्चच्या वणव्यांची. वाळके गवत जाळले की पुढच्या पावसात चारा चांगला येतो, या समजुतीने उतार पेटवले जातात. त्या गवतात आणि पाचोळ्यात फुलपाखरांचे कोष, प्रार्थना कीटकांच्या अंड्यांच्या पेट्या, मृगाचे किडे सगळे पावसाची वाट पाहत असतात. फार्महाऊससाठी कापलेल्या टेकड्यांची जखम दुरून दिसते, वणव्याची ही हानी दिसत नाही. ती दाखवायला जवळून काढलेले फोटो उपयोगी पडावेत.

त्यासाठी फोटोबरोबर नोंद हवी. तारीख, जागा, उंची, जीव कोणत्या झाडावर होता, काय करत होता. कृष्णमेघ कुंटे यांच्या पुढाकाराने चाललेल्या ‘आय फाउंड बटरफ्लाइज’ या संकेतस्थळावर हौशी लोकांच्या अशाच नोंदी तज्ज्ञ तपासून घेतात, आणि तेथे पंख पसरलेल्या सुंदर फुलपाखराइतकेच मोल खाद्यवनस्पतीवरच्या अळीच्या साध्या फोटोला असते. मावशींच्या लिंबावरच्या अळ्यांची नोंद आम्ही केळदहून परतताना पुरी केली. अळी लहान असताना राणी पाकोळीची की तिच्या भाऊबंदांपैकी कुणाची, हे नक्की ठरत नाही, म्हणून जातीचा रकाना मोकळा ठेवला. अळी मोठी झाली की फोटो पाठवायचे मावशींच्या मुलाने कबूल केले आहे. तेरड्यातल्या कोळ्यापुढे मात्र कुळाचेच नाव राहील. त्याची जात पक्की करायला सूक्ष्मदर्शकाखाली जननेंद्रियांची रचना तपासावी लागते, आणि त्यासाठी तो पकडून मारावा लागला असता.